घर, पॅरिश आणि शाळा : मुलांच्या श्रद्धेची जबाबदारी नेमकी कोणाची?

नेहमीप्रमाणे ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी हे बोलणं इथे लिहूनही देत आहोत. बोलण्याच्या ओघातले शब्द तसेच ठेवले आहेत, ते चालवून घ्या.

आजचा विषय एका ताईंच्या निरोपातून निघाला. भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्यात चिखला नावाचं गाव आहे. मॅंगनीजच्या खाणीमुळे ते नाव बऱ्याच जणांच्या कानावर असेल. तिथून या ताईंनी व्हॉइस मेसेज पाठवला. यजमान खाणीत कामाला, शिफ्टची नोकरी. दोन मुलं. थोरला सहावीत. घराच्या आसपास आपल्या धर्माचं दुसरं कुटुंब नाही. चर्च लांब, त्यामुळे दर रविवारी मिस्साला जाणं होत नाही. परवा शाळेत कुणीतरी त्या मुलाला विचारलं, "तुमच्यात काय असतं रे? तुमचा देव कोणता?" मुलगा गप्प बसला. घरी येऊन आईला म्हणाला, "मम्मी, आपण नेमके कोण आहोत?"

ताई पुढे म्हणतात, "फादर म्हणतात घरी शिकवा. आम्ही म्हणतो चर्चमध्ये शिकवतील. कॉन्व्हेंट शाळेत घातलं असतं तर तिथे शिकला असता असं सासूबाई म्हणतात. मग शिकवणार कोण?"

प्रश्न एकट्या चिखल्याच्या ताईंचा नाही. घर पॅरिशकडे बोट दाखवतं, पॅरिश घराकडे, आणि दोघं मिळून शाळेकडे. या तिघांच्या मध्ये मूल उभं असतं, रिकाम्या हातानं. म्हणून आज तिघांचं काम वेगवेगळं करून बघू या. कोणी काय द्यायचं, कोणाला काय देता येत नाही, आणि तिघांपैकी एक नसेल तर काय करायचं.

आधी चर्च काय म्हणतं ते बघू

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६४ मध्ये चर्चविषयीचा एक महत्त्वाचा दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्यात कुटुंबाला जणू घरातलं चर्च म्हटलं आहे, आणि आईवडिलांना मुलांचे पहिले सुवार्तिक. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९६५ मध्ये, याच परिषदेनं शिक्षणावर वेगळा जाहीरनामा काढला. त्याचा आशय असा की मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक आईवडीलच आहेत. ते काम इतकं मोठं आहे की ते राहिलं तर त्याची भरपाई दुसऱ्या कोणाला सहजासहजी करता येत नाही.

लक्षात घ्या, हा जाहीरनामा शाळांचं महत्त्व सांगण्यासाठी निघाला होता. तरीही सुरुवात घरापासून केली. शाळा आणि पॅरिश आईवडिलांना मदत करायला आहेत, त्यांची जागा घ्यायला नाहीत.

हे काही विसाव्या शतकात सुचलेलं नाही. जुन्या करारात अनुवादाच्या सहाव्या अध्यायात इस्राएली लोकांना सांगितलं आहे की देवाच्या आज्ञा मुलांना शिकवा, घरी बसलेले असताना, वाटेनं चालताना, निजताना, उठताना. यात वर्ग नाही, फळा नाही. सगळी रोजची कामं आहेत. आणि संत पौल तीमथ्याला लिहितो तेव्हा त्याच्या श्रद्धेचं मूळ कुठे दाखवतो? त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात. ताई, तुमच्या सासूबाईंना हे जरूर सांगा. आजीचं नाव पवित्र शास्त्रात आहे.

आपल्या मराठी मुलखात हे कसं झालं?

आता जरा इतिहासात जाऊ. कारण ही श्रद्धा आपल्यापर्यंत मराठीतून कशी पोचली हे कळलं की आपलं काम सोपं होतं.

फादर थॉमस स्टीफन्स हे नाव तुम्ही ऐकलं असेल. जन्मानं इंग्रज, येशूसंघाचे धर्मगुरू. १५७९ मध्ये गोव्यात आले आणि शेवटपर्यंत इकडेच राहिले. १६१६ मध्ये त्यांचं ख्रिस्तपुराण छापून आलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या. पहिल्या पुराणात जुना करार, दुसऱ्यात येशू ख्रिस्ताचं चरित्र. आता विचार करा, त्यांनी हे का लिहिलं? धर्मशिक्षणाची छोटी प्रश्नोत्तरी तर होतीच. पण नव्यानं ख्रिस्ती झालेले लोक पुराणं ऐकत वाढलेले होते. त्यांच्या कानाला ओवीची सवय होती. नुसती प्रश्नोत्तरं पाठ करून त्यांची भूक भागत नव्हती. त्यांना गोष्ट हवी होती, आपल्या भाषेत, आपल्या चालीत. स्टीफन्सनी ती भूक ओळखली. मग हे पुराण चर्चमध्ये वाचलं जाऊ लागलं आणि पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी ते कानांनी जपलं.

यातून आपण एकच गोष्ट घेऊ. चारशे वर्षांपूर्वी परदेशातून आलेल्या माणसाला कळलं की श्रद्धा ऐकणाऱ्याच्या भाषेत उतरली तरच टिकते. मग आपण आपल्या मुलांना घरी जी भाषा बोलतो, मराठी म्हणा, झाडीबोली म्हणा, हिंदी म्हणा, तीत देवाबद्दल का बोलू नये?

दुसरं उदाहरण वसईचं. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि पोर्तुगीजांची सत्ता गेली. सत्ता गेली की तिच्यासोबत आलेला धर्मही जाईल, असं कोणालाही वाटलं असतं. तसं झालं नाही. वसईतली ख्रिस्ती कुटुंबं आपल्या श्रद्धेत राहिली, आपली बोली बोलत राहिली, आपली शेतीवाडी करत राहिली. आजही त्या भागात घरात सामवेदी किंवा वाडवळी बोली ऐकू येते आणि चर्चमध्ये मराठी मिस्सा होतो. सुवार्ता हे मराठी मासिक तिथूनच निघतं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी बरीच वर्षं त्याचं संपादन केलं. पुढे २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्यांचं सुबोध बायबल पुष्कळ मराठी घरांत आहे. २०२४ मध्ये ते गेले.

वसईत मुलाला काय मिळतं? हाकेच्या अंतरावर चर्च. पॅरिशला लागून शाळा. शेजारी, मामा, आत्या, सगळे त्याच रविवारी त्याच मिस्साला. सण आला की गल्ली जागी. तिथे मुलाला "आपण कोण" असं विचारावं लागत नाही, आजूबाजूची हवाच सांगते. अर्थात हवा बदलते. आज तिथेही शहर वाढलंय, इंग्रजी माध्यम आलंय, कुटुंबं पांगतायत. पण मूळ गोष्ट ही की तिथे घर, पॅरिश आणि शाळा एकमेकांना चिकटून उभी राहिली.

तिसरं उदाहरण अहमदनगर जिल्ह्यातलं, म्हणजे आताचं अहिल्यानगर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येशूसंघाच्या धर्मगुरूंनी तिथल्या खेड्यांत काम सुरू केलं. खेडी लांब लांब आणि फादर मोजके. मग गावोगाव शाळा निघाल्या आणि शाळेचा मास्तर हाच धर्मशिक्षकही झाला. दिवसा तोच मुळाक्षरं गिरवून घ्यायचा आणि संध्याकाळी तोच प्रार्थना सांगायचा. फादर अधूनमधून यायचे, मिस्सा करायचे, पुढच्या गावाला जायचे. ज्यांना तोवर शाळेचं दार बंद होतं अशा दलित कुटुंबांची मुलं तिथे शिकली. म्हणजे पाटी आणि प्रार्थना एकाच हातून मिळाली. आज हरिगावच्या मतमाउलीच्या यात्रेला दर सप्टेंबरला जी गर्दी लोटते, तिच्यात त्या मास्तरांची मेहनत आहे हे विसरू नका.

आणि आपला नागपूर भाग? भंडारा जिल्हा नागपूर महाधर्मप्रांतात येतो. नागपूरचा धर्मप्रांत १८८७ मध्ये स्थापन झाला आणि १९५३ मध्ये तो महाधर्मप्रांत झाला. नागपूरची सेंट फ्रान्सिस डी सेल्स शाळा तर त्याहीआधीची, १८७० ची. म्हणजे इकडे धर्मप्रांत व्हायच्या आधी शाळा उभी होती! पण इकडचा विस्तार प्रचंड आणि कॅथलिक कुटुंबं विखुरलेली. कोणी रेल्वेत, कोणी खाणीत, कोणी दवाखान्यात नर्स, कोणी शाळेत शिक्षक. कोणी छत्तीसगडातून आलेलं, कोणी झारखंडातून, कोणी केरळातून. इथे वसईसारखी हवा आयती मिळत नाही. म्हणूनच ताईंचा प्रश्न वसईत जितका जड नाही तितका चिखल्यात आहे.

पऱ्हे, रोवणी आणि पाणी

भंडारा हा धानाचा जिल्हा. तिथल्या लोकांना मी शेती शिकवावी असं काही नाही, पण उदाहरण त्यांचंच घेतो. पाऊस लागला की आधी पऱ्हे टाकतात. छोट्याशा तुकड्यात दाट रोपं वाढवतात, जपतात. मग बांधीत चिखलणी करून रोवणी होते. आणि पुढे पाणी हवं, कधी आभाळाचं, कधी तलावाचं, कधी बोडीचं.

घर म्हणजे पऱ्ह्यांची जागा. इथे रोप उगवतं. रोपच उगवलं नसेल तर रोवणीला बाया आणून काय उपयोग? पहिल्या कम्युनियनच्या वर्गाला मूल येतं तेव्हा त्याला क्रूसाची खूण करता येत नसेल, तर शिकवणारी सिस्टर रोवणार काय?

पॅरिश म्हणजे बांधी. रोप पऱ्ह्यातच ठेवलं तर तेही वाया जातं, वेळ टळून गेलेलं पऱ्हं पिवळं पडतं. श्रद्धा फक्त घरातच राहिली, इतर श्रद्धावंतांना भेटलीच नाही, तर ती आईची सवय होऊन राहते. मुलाची होत नाही.

आणि शाळा म्हणजे पाणी. पाणी रोप तयार करत नाही, पण त्याच्याशिवाय ते वाढत नाही. प्रश्न विचारायची सवय, खरं-खोटं पारखायची बुद्धी, दुसऱ्याशी नीट वागायची रीत हे शाळेतून येतं. हे नसेल तर श्रद्धा बालवाडीच्या पुढे जात नाही.

घराचं काम

आता कामाचं बोलू. घरात काय करायचं? फार नाही. पण रोज.

पहिलं, रोज संध्याकाळी पाच मिनिटं. आमच्या बापा, नमो मारिया, आणि दिवसभरात ज्याबद्दल आभार मानावेत अशी प्रत्येकानं एक गोष्ट सांगायची. पूर्ण जपमाळ जमत असेल तर उत्तमच. नसेल तर एकच रहस्य म्हणा. लहान मुलं असलेल्या घरात तासभराची प्रार्थना तीन दिवस चालते, पाच मिनिटांची वर्षानुवर्षं.

दुसरं, वडिलांनी दिसलं पाहिजे. आपल्याकडे बहुतेक घरांत प्रार्थना म्हणजे आई-आजीचं खातं. बाप चपला घालून बाहेर. मुलगा बारा-तेरा वर्षांचा झाला की बापाच्या मागे जातो, आणि मग आई म्हणते, मुलगा चर्चला येत नाही. खाणीतून दमून आलेला माणूस दोन मिनिटं हात जोडून मुलाशेजारी बसला, तर त्या दोन मिनिटांत पुष्कळ शिकवून होतं. शिफ्ट रात्रीची असेल तर निघताना मुलाच्या कपाळावर क्रूसाची खूण करून जा. एवढं पुरे.

तिसरं, क्षमा. मुलाला चर्च काय शिकवतं हे तो घरात तपासून बघतो. आईबाबांचं भांडण झालं तर नंतर कोण बोललं? मुलाला उगाच मारलं असेल तर बापानं "चुकलं रे" म्हटलं का? प्रायश्चित्त संस्काराचा अर्थ मुलाला इथे कळतो. घरात कोणी कधीच क्षमा मागत नसेल, तर कबुलीची जागा मुलाला फक्त भीतीची वाटणार.

चौथं, वर्षाचं कॅलेंडर घरात आणा. आगमनकाळात चार रविवारी एकेक मेणबत्ती. राखेच्या बुधवारपासून घरात एखादी गोष्ट कमी करा आणि वाचलेले पैसे मुलांच्या हातूनच कोणा गरजूला द्या. २ नोव्हेंबरला आजोबांच्या कबरीवर फुलं, गाव लांब असेल तर त्यांचा फोटो पुढे ठेवून प्रार्थना. मुलाच्या स्नानसंस्काराची तारीख शोधून काढा. वाढदिवस सगळे करतात, त्या दिवशी थोडा शिरा करा आणि त्याला सांगा की आज तुझा स्नानसंस्कार झाला होता, हे तुझे धर्मपिता, ही तुझी धर्ममाता.

पाचवं, प्रश्नाला घाबरू नका. मूल विचारतं, देव दिसत का नाही? चांगल्या माणसाला आजार का होतो? शेजारच्या काकांचा देव खोटा का? इथे "गप्प बस, असं विचारू नये" म्हणालात की दार बंद झालं. संत लूकच्या शुभवर्तमानात बारा वर्षांचा येशू मंदिरात पंडितांमध्ये बसून काय करत होता? ऐकत होता आणि प्रश्न विचारत होता. ताई, तुमचा मुलगा साधारण त्याच वयाचा आहे. उत्तर येत नसेल तर म्हणा, "मलाही नीट माहीत नाही, आपण दोघं मिळून फादरना विचारू." यात आईची काही शोभा जात नाही.

आणि शेजाऱ्यांच्या देवाबद्दल? चिखल्यासारख्या गावात आपलं मूल दिवाळीचा फराळ खातं, मित्राच्या घरी गणपती बघायला जातं. त्याला सांगा की त्यांच्या श्रद्धेचा मान ठेवायचा, आणि आपली कोणती हेही नीट सांगता आलं पाहिजे. मान ठेवणं आणि मिसळून हरवून जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याला स्वतःचं घर माहीत असतं तोच दुसऱ्याच्या घरी मोकळेपणानं पाहुणा होऊ शकतो.

रविवारी चर्चला जाणं होत नाही, त्याचं काय? चर्चच्या १९८३ च्या कायदासंहितेत याचाही विचार आहे. धर्मगुरू नसल्यामुळे किंवा दुसऱ्या गंभीर कारणानं मिस्साला जाणं अशक्य असेल, तर शब्दविधीला जावं, नाहीतर एकट्यानं, कुटुंबानं किंवा काही कुटुंबांनी मिळून प्रार्थनेत वेळ द्यावा, अशी खास शिफारस आहे. तेव्हा त्या दिवशीचं शुभवर्तमान घरी वाचा. मुलालाच वाचायला द्या. मग दोन मिनिटं शांत बसा. हे मिस्साच्या जागी नाही, हे मुलालाही सांगा. पण रविवार रविवारसारखा राहिला पाहिजे. मग महिन्यातून एकदा का होईना, ठरवून, डबा बांधून, सगळ्यांनी मिळून चर्चला जा. मुलांना तो प्रवास आठवणीत राहतो.

पॅरिशचं काम

आता फादर, सिस्टर आणि धर्मशिक्षकांशी बोलतो. रागावू नका.

संस्कार पॅरिशमध्येच मिळतात, हे काम घर करू शकत नाही. १९१० मध्ये संत दहावे पायस यांनी मुलांना समज आली की, साधारण सातव्या वर्षापासून, कम्युनियन द्यावं असं ठरवलं. तोवर मुलांना बरीच वर्षं थांबावं लागे. लहान मुलालाही येशूची भूक असते हा त्यामागचा विश्वास. पण आपल्याकडे काय झालं? पहिलं कम्युनियन म्हणजे पांढरा ड्रेस, फोटो आणि जेवण. त्यानंतर मूल थेट दृढीकरणाला दिसतं, आणि दृढीकरणानंतर लग्नालाच. संस्कार म्हणजे जणू शाळा सोडल्याचा दाखला!

यावर उपाय असा की मुलांची तयारी करताना आईवडिलांची तयारीही करा. वर्षात चार बैठका घ्या. मुलाला आज काय शिकवलं, घरी या आठवड्यात काय करायचं, एवढंच सांगा. जे आईवडील स्वतः कधी शिकले नाहीत ते लाजतात, त्यांना लाजू देऊ नका.

दुसरं, लांबच्या कुटुंबांना विसरू नका. रजिस्टरमध्ये नाव आहे म्हणून कुटुंब पॅरिशमध्ये आहे असं होत नाही. खाण-वसाहतीत एकच घर असेल तर त्या एका घरासाठीही जा. दोन-तीन गावांतली चार घरं मिळून एक लघु ख्रिस्ती समुदाय होऊ शकतो. नगरच्या मास्तरांसारखा एखादा धर्मशिक्षक त्या चार घरांना महिन्यातून एकदा भेटला तरी मुलाला कळतं की आपण एकटे नाही. आज फोन आहे, व्हिडिओ कॉल आहे. रविवारी अर्धा तास चार गावांतली मुलं एका स्क्रीनवर येऊ शकतात.

तिसरं, भाषेचं बघा. मुलं इंग्रजीत पाठ करतात आणि आजीला कळत नाही. किंवा मिस्सा हिंदीत आणि घर मराठीत. एक तरी प्रार्थना अशी असू द्या, जी आजी, आई आणि नातू एकत्र म्हणू शकतील.

आणि चौथी गोष्ट स्पष्टच बोलतो. मूल पॅरिशमध्ये सुरक्षित असलं पाहिजे. धर्मशिक्षणाच्या वर्गात मारणं, घाबरवणं, अपमान करणं नको. मोठ्या माणसानं मुलासोबत एकट्यानं बंद खोलीत बसू नये. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ पासून आहे आणि तो सगळ्यांना लागू आहे, चर्चलाही. मुलानं काही सांगितलं तर आधी त्याचं ऐका, संस्थेच्या नावाची काळजी नंतर. जिथे मुलाचा विश्वास मोडला तिथे श्रद्धा पोचवायची भाषा कोणी करू नये.

शाळेचं काम

आता सासूबाईंचा मुद्दा. कॉन्व्हेंटमध्ये घातलं असतं तर?

आपल्या राज्यघटनेचं कलम ३० अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करायचा आणि चालवायचा अधिकार देतं. त्यामुळे कॅथलिक शाळा आहेत. पण कलम २८ हेही सांगतं की संपूर्ण सरकारी खर्चानं चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही. आणि सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेतही कोणावर ते लादता येत नाही. मूल लहान असेल तर पालकांची संमती लागते. हे योग्यच आहे. आपल्या बहुतेक कॅथलिक शाळांत इतर धर्मांची मुलंच जास्त असतात. म्हणून तिथे कॅथलिक मुलांसाठी धर्मशिक्षणाचा तास आणि बाकीच्यांसाठी मूल्यशिक्षण असं साधारण चालतं. आठवड्यात एखादा तास. त्या एका तासात सगळं होईल अशी अपेक्षा धरणं शाळेवरही अन्याय आहे.

मग कॅथलिक शाळेनं द्यायचं काय? तिथली वागणूक. फी भरता न आलेल्या मुलाला वर्गात उभं केलं जातं का? शिपाई मामांशी प्राचार्य कसं बोलतात? मागे पडलेल्या मुलावर कोणी वेळ खर्च करतं का? भिंतीवर क्रूस आहे आणि त्याखाली मुलाचा अपमान होतोय, तर मूल दोन्ही गोष्टी शिकतं. आणि दुसरी जास्त नीट शिकतं.

आणि जिल्हा परिषदेची शाळा असेल तर? तर घाबरायचं काही कारण नाही. ती शाळा तुमच्या मुलाला श्रद्धा शिकवणार नाही, शिकवूही नये. पण ती त्याला वाचायला शिकवते, म्हणजे शुभवर्तमान वाचता येतं. ती त्याला वेगवेगळ्या जातीधर्माच्या मुलांबरोबर एका पंगतीत खिचडी खायला बसवते. त्या पंगतीत खरेपणानं वागणं, कमजोर मुलाची बाजू घेणं हीच त्याच्या श्रद्धेची परीक्षा आहे. शिक्षकांना एकदा जाऊन भेटा. सांगा की आमच्याकडे नाताळ असतो, गुड फ्रायडे असतो. बरेच शिक्षक आनंदानं ऐकतात, कधीकधी वर्गाला सांगतातही.

तिघांचा एक सूर

खरी अडचण कुठे येते सांगू? तिघं वेगवेगळं बोलतात तेव्हा. पॅरिश म्हणतं, रविवार देवाचा. शाळा म्हणते, दहावीचं वर्ष आहे, जादा तास रविवारी. घर म्हणतं, या वर्षी चर्च राहू दे, आधी मार्क. मुलाला बरोबर कळतं की खरा देव कोणता. तो मार्कांचा असतो! मी अभ्यासाच्या विरुद्ध नाही, मुळीच नाही. पण दहावीच्या वर्षी मूल सगळ्यात जास्त घाबरलेलं असतं. त्याच वर्षी त्याच्याकडून प्रार्थना काढून घेतली तर त्याला कळतं की ही चैनीची गोष्ट होती, गरजेची नव्हे.

म्हणून जूनमध्ये शाळा सुरू होताना एक करा. आईवडील, फादर किंवा धर्मशिक्षक, आणि जमलं तर वर्गशिक्षक, तिघांशी बोलून वर्षाचं एक साधं वेळापत्रक ठरवा. जून-जुलैत रोजच्या प्रार्थनेची सवय लावायची. ऑक्टोबर जपमाळेचा महिना. डिसेंबरमध्ये आगमनकाळ. परीक्षेच्या आधी प्रायश्चित्त संस्कार, मन हलकं करायला. मे महिन्याच्या सुट्टीत पॅरिशचं शिबिर किंवा यात्रा. कागदावर लिहून भिंतीला लावा.

शेवटची गोष्ट. श्रद्धा शेतीसारखी सातबाऱ्यावर चढवता येत नाही. आपण देतो, पण घ्यायचं की नाही हे मूल ठरवतं. दृढीकरणाच्या वेळी ते स्वतःच्या तोंडानं हो म्हणतं, आणि कधी नाहीही म्हणेल. एखादं मूल सोळाव्या वर्षी म्हणालं की मला नाही यायचं, तर त्याला घराबाहेर काढू नका, टोमणे मारू नका. तुमची प्रार्थना चालू ठेवा, त्याचं ताट वाढत राहा. उधळ्या मुलाच्या दाखल्यातला बाप मुलामागे काठी घेऊन धावला नव्हता. पण त्यानं वाट बघणं सोडलं नव्हतं, मुलगा दूर असतानाच त्यानं त्याला पाहिलं.

आता ताई, तुमच्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर. "आपण कोण?" त्याला एवढं सांगा : आपण येशूची माणसं. तो आपल्यावर प्रेम करतो म्हणून आपण सगळ्यांशी प्रेमानं वागायचा प्रयत्न करतो. आपण त्याच्या नावानं क्रूसाची खूण करतो, त्याच्या शब्दावर विश्वास ठेवतो, मिस्सात त्याला भेटतो. मुलाला हे वर्गात सांगता येईल. आणि मित्रानं पुढे काही विचारलं, तर नाताळात त्याला घरी करंज्या खायला बोलवा.

श्रोतेहो, तुमच्या घरी संध्याकाळची प्रार्थना कशी चालते, मुलांनी विचारलेला कोणता प्रश्न तुम्हाला अडला, ते आम्हाला जरूर कळवा. तुमच्या ओळखीत लांबच्या गावी एकटं राहणारं एखादं कुटुंब असेल तर हा भाग त्यांच्यापर्यंत पोचवा. पुढच्या भागात याच धाग्यावर बोलू : आजी-आजोबा आणि नातवंडं. तोवर देव तुमचं भलं करो. जय येशू.